थांबलेली कळ: ओटीपोटाचं दुखणं आणि अकरा तास

पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी ती कॅज्युअल्टीत आली, तेव्हा दुखणं सुरू होऊन अकरा तास उलटले होते. वय ३१. चार वर्षांचं एक मूल. पाळी नियमित, शेवटच्या पाळीपासून धरला तर सतरावा दिवस. आली ती स्वतःच्या पायांनी चालत. कमरेत वाकलेली, उजव्या हाताने पोट दाबून धरलेलं, पण ओरडणं नाही, रडणं नाही. नोंद करणाऱ्या सिस्टरनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दहापैकी किती दुखतंय?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "सात."

सात म्हणजे आमच्याकडे 'थोडं बसा, बोलावतो'. त्या आकड्यावर ती बाकावर बसलीही. तिची मोठी बहीण बरोबर होती. तिने फाइल पुढे केली आणि म्हणाली, "चार महिन्यांपूर्वी हिच्या उजव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ निघाली होती. आणि आज पाच उलट्या झाल्यात." त्या दोन वाक्यांनी तिचा क्रम बदलला.

त्या रात्री मी ड्यूटीवर होते. हे प्रकरण तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. निदान काय झालं हे यथावकाश येईलच. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या अकरा तासांबद्दल, म्हणजे 'जावं की थांबावं' हा प्रश्न घरात कसा सुटत गेला आणि कुठे अडकला त्याबद्दल.

घरातले तास

दुपारी साडेचारला तिने मुलाला उचलून कडेवर घेतलं आणि उजव्या बाजूला, ओटीपोटात खाली, एकदम कळ आली. 'कुणीतरी आत मूठ आवळल्यासारखी', हे तिचे शब्द. वीस-पंचवीस मिनिटं ती कळ टिकली, एक उलटी झाली आणि सहाच्या सुमारास सगळं शांत. ॲसिडिटी असेल, असं तिने ठरवलं.

साडेआठला दुसरी कळ. आता ती कमरेपर्यंत आणि मांडीत उतरत होती. पाळीच्या वेळी ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेते, तीच घेतली. थोडा उतार पडला. पोट शेकलं. अकराला तिसरी कळ, पुन्हा दोन उलट्या. नवरा म्हणाला, "चल, जाऊन येऊ." ती म्हणाली, "सकाळी बघू."

हे 'सकाळी बघू' आळसातून आलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पाळीच्या पहिल्या दिवशी असह्य दुखलं म्हणून ती अशीच रात्री एका रुग्णालयात गेली होती. तिथे तिला इंजेक्शन मिळालं आणि त्याच्याबरोबर एक वाक्य मिळालं: "पाळीचं दुखणं आहे, एवढ्यासाठी रात्री यायचं?" इंजेक्शनचा परिणाम सहा तास टिकला असेल. वाक्याचा दोन वर्षं टिकला.

मध्यरात्रीनंतर, साधारण सव्वा वाजता, दुखणं जवळजवळ पूर्ण थांबलं. दीड तास ती झोपलीसुद्धा. पुढे तिच्याशी बोलताना लक्षात आलं की न जाण्याचा खरा निर्णय तिथे पक्का झाला होता. त्याआधी घरात निदान चर्चा होती, आता ती मिटली. नवराही झोपला.

पावणेतीनला ती जागी झाली ती सरळ उभंच राहता येईना म्हणून. आता कळ येऊन-जाऊन नव्हती, सलग होती. आणखी दोन उलट्या झाल्या. तिने नवऱ्याला उठवायच्या आधी बहिणीला फोन केला. बहीण वैद्यकीय क्षेत्रातली नाही, शाळेत शिकवते. तिने किती दुखतंय हे विचारलंच नाही. तिने विचारलं, "हे तुझं नेहमीचं दुखणं आहे का?"

"नाही गं ताई. हे वेगळंच आहे."

"आणि ती सोनोग्राफीत गाठ निघाली होती, ती याच बाजूला ना?"

फोनवर काही क्षण कुणीच बोललं नाही. साडेतीनच्या आत ते निघाले होते.

आमच्याकडे काय दिसलं

नाडी मिनिटाला १०४, रक्तदाब ११८/७६, ताप म्हणण्यासारखा नाही. पोट मऊ होतं, मात्र उजवीकडे खाली हात लावताच ती आक्रसून जायची. पहिली तपासणी लघवीवरची, गर्भधारणेची. ती म्हणाली, "तशी काही शक्यता नाही, पाळी येऊन गेलीय." तरी केली. मूल होण्याच्या वयातली कुठलीही स्त्री ओटीपोटात दुखतंय म्हणून आली की ही तपासणी आम्ही तिच्या शब्दावर सोडत नाही, आणि त्यात अविश्वासाचा भाग नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला असेल तरी अंगावरून जातं आणि कितीतरी जणींना ती पाळीच वाटते. दर १०० गर्भधारणांमागे एक-दोन गर्भाशयाबाहेर रुजतात, बहुतेक नलिकेतच, आणि नलिका फुटली तर पोटात होणारा रक्तस्राव बाहेर दिसत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची. तिची निगेटिव्ह आली.

वेदनाशामक शिरेतून लगेच दिलं. 'तपासण्याआधी दुखणं दाबलं तर निदान चुकतं' ही जुनी शिकवण अजून काही ठिकाणी ऐकू येते. नीट दिलेल्या वेदनाशामकाने पोटाच्या तपासणीत निदान बिघडत नाही, हे एव्हाना पुरेसं तपासून झालं आहे. उलट वेदनेने कळवळणाऱ्या माणसाच्या पोटाची तपासणीच धड होत नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी ११,८००, किंचित जास्त. यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. लघवी स्वच्छ, त्यामुळे मूत्रमार्गातल्या खड्याची शंका मागे पडली. अपेंडिक्स यादीत होतं. पण अपेंडिक्सचं दुखणं सहसा बेंबीपाशी बोथटपणे सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, भूक आधी जाते. हिची कळ पहिल्या मिनिटापासून एकाच जागी होती आणि एकदम, पूर्ण ताकदीने आली होती. 'केव्हापासून दुखतंय?' याला जिच्याकडे 'मुलाला उचललं तेव्हा' असं नेमकं उत्तर असतं, तिच्या पोटात काहीतरी फुटलं आहे, अडलं आहे किंवा पिळलं आहे, असं धरून मी पुढे जाते.

४ वाजून ४० मिनिटांनी सोनोग्राफी. उजवं अंडाशय सुजून आठ सेंटिमीटरचं झालेलं, त्यात ती गाठ. जागाही बदललेली, गर्भाशयाच्या वर, मध्यभागी. डॉप्लरवर, म्हणजे सोनोग्राफीतल्या रक्तप्रवाह पाहायच्या तपासणीत, प्रवाह मात्र दिसत होता. माझा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, फ्लो आहे. म्हणजे पीळ नसावा."

पीळ म्हणजे अंडाशय आपल्याच देठावर फिरून त्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाणं. इथे जरा थांबते, कारण ही चूक वाचणाऱ्यांच्या घरीही होऊ शकते. 'सोनोग्राफीत रक्तप्रवाह चांगला आहे' असं लिहिलेला रिपोर्ट घेऊन माणसं निर्धास्त घरी जातात. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी येतं: एक धमनी थेट महाधमनीतून निघून येते आणि दुसरी फांदी गर्भाशयाच्या धमनीकडून. पीळ बसायला लागला की आधी दबतात त्या पातळ भिंतींच्या शिरा. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, अंडाशय फुगत जातं. जाड भिंतीच्या धमन्या त्यानंतर दबतात. त्यामुळे डॉप्लरवर प्रवाह दिसला तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही. प्रवाह दिसला नाही तर मात्र शंका फार बळावते. पक्कं निदान शेवटी पोटात पाहूनच होतं.

आमच्या वरिष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहिला, तिचं पोट तपासलं, तिला तीन प्रश्न विचारले आणि ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. पावणेसातला दुर्बिणीतून पाहिलं: उजव्या अंडाशयाला दोन पूर्ण वेढे, रंग निळा-काळा. वेढे सोडवले, थांबलो, रंग थोडाच सुधारला. पूर्वी असं काळं पडलेलं अंडाशय काढूनच टाकत. पण पीळ सोडवून जागच्या जागी ठेवलं तर बहुतेक वेळा ते पुन्हा काम करू लागतं, रंग कितीही भीतिदायक दिसला तरी. म्हणून गाठ तेवढी काढली, अंडाशय ठेवलं. गाठ डरमॉइड निघाली, आत केस आणि तेलकट द्रव्य.

त्या अकरा तासांचा हिशेब

अंडाशयाला पीळ बसणं तसं विरळ. स्त्रीरोगातल्या तातडीच्या प्रसंगांत त्याचं प्रमाण साधारण ३ टक्के. म्हणजे ओटीपोटात दुखणाऱ्या प्रत्येकीने रात्री धावत यावं असा याचा अर्थ मुळीच नाही. मग हिने केव्हा निघायला हवं होतं?

माझं उत्तर: पावणेपाचला. पहिल्याच कळेला. हे उत्तर फक्त तिच्यासाठी आहे, कारण तिच्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ आहे हे माहीत होतं. पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ असलेलं अंडाशय जड होतं आणि आपल्याच देठावर फिरू शकतं. उजवीकडे हे जास्त घडतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते. अशा बाईला त्याच बाजूला अचानक कळ आणि सोबत उलटी, एवढं पुरेसं आहे. वाट पाहण्यासारखं त्यात काही उरत नाही.

पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चार महिन्यांपूर्वीचा सोनोग्राफीचा कागद मी पाहिला. गाठीचं माप तीन दिशांनी मिलिमीटरपर्यंत लिहिलेलं, खाली 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी'. अचानक दुखलं तर काय करायचं, यावर एक अक्षर नाही. तिला गाठ आठवत होती ती 'साधी आहे, काळजी करू नका' या शब्दांत. गाठ कॅन्सरची नाही या अर्थाने ती साधीच होती, हेही खरं. या उशिरातला मोठा वाटा मी तिच्या पदरात टाकणार नाही.

गाठीची माहिती नसती तर? तर साडेचारची एकच कळ, पंचवीस मिनिटांत शमलेली, मी घरी लक्ष ठेवण्यावर सोडली असती. साडेआठची दुसरी कळ नाही. पहिल्यापेक्षा जोराची, नेहमीच्या गोळीला अर्धवटच दाद देणारी, एकाच बाजूची, आणि आधी एक उलटी झालेली. तिथे निघायला हवं. पीळ बसलेल्यांपैकी दहातल्या सहा-सात जणींना मळमळ किंवा उलट्या होतात. अपचनाच्या उलटीनंतर माणसाला हलकं वाटतं, हिला एकाही उलटीनंतर हलकं वाटलं नव्हतं. हा फरक विचारला तर बाया अचूक सांगतात.

मग सव्वा वाजताची ती शांतता. अंडाशय थोडं उलटं फिरून पीळ सैल झाला की दुखणं थांबतं आणि पुन्हा आवळला की परत येतं. त्यामुळे या आजारात येणारं-जाणारं दुखणं हेच मुळात एक लक्षण आहे. अपेंडिक्स फुटल्यावरही काही वेळ बरं वाटू शकतं. आठ तास छळलेलं दुखणं औषधाचा अंमल ओसरल्यावर आपोआप नाहीसं झालं तर ते खरंच गेलं असेलही. पण सकाळपर्यंतचा निर्णय त्या आरामावर ठेवू नये. आराम पडलेला असताना निघणं सोपं असतं, कपडे बदलता येतात, रिपोर्ट शोधता येतात. माणसं नेमकी तेव्हाच झोपतात.

आता तो सात. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, सातच का? ती म्हणाली, "दहा म्हणजे बाळंतपण. त्याच्या खाली दोन-तीन." म्हणजे तिने प्रामाणिक उत्तर दिलं होतं, पण आमच्या तक्त्यात ते चुकीच्या खान्यात पडलं. जिला दर महिन्याला तीव्र दुखण्याची सवय आहे तिचा आकडा नेहमीच खाली घसरतो. ती शांत बसून असते, म्हणून पाहणाऱ्यालाही ती बरी वाटते. सहन करण्याची सवय कॅज्युअल्टीत उपयोगाची नाही. दारात आकड्यापेक्षा एक वाक्य सांगावं: 'यापूर्वी मला असं कधी दुखलेलं नाही.' किंवा ती जे करू शकत नाही ते सांगावं: सरळ उभं राहता येत नाही, बोलताना वाक्य तुटतं, झोपेतून उठवलं. पाळीच्या दुखण्याची जुनी रुग्ण असेल तर 'हे पाळीचं नाही, आज सतरावा दिवस आहे' हे आधी. नाहीतर फाइलवरचा जुना आजार नव्या दुखण्याचं नाव ठरवून मोकळा होतो.

दुखणं तेच, उत्तर वेगळं

हीच कळ दुसऱ्या कुणाला आली असती तर माझा सल्ला बदलला असता, आणि या फरकात बराच शहाणपणा आहे. पाळी दोन आठवडे लांबलेली, थोडं अंगावरून जातंय, एका बाजूला दुखतंय, वर चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं: तिने गाडी चालवत नव्हे, ॲम्ब्युलन्सने यावं. खांद्याचं हे दुखणं ऐकायला विचित्र वाटतं. पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला लागतं, त्या पटलाची संवेदना ज्या मज्जातंतूने जाते त्याची मुळं मानेत आहेत, म्हणून मेंदूला ते खांद्यातलं वाटतं. नसबंदी झाली आहे किंवा तांबी बसवली आहे, म्हणून ही शक्यता बाद होत नाही.

कुणाला दोन-तीन दिवसांपासून वाढत जाणारं दुखणं, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर तो गर्भाशय-नलिकांचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. ताप चढलेला असेल, उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल किंवा ती गरोदर असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी. पोट लाकडासारखं कडक झालं असेल, तासाभरात दोन मोठी पॅड भिजत असतील, भोवळ येऊन पडली असेल, तर निदानाच्या भानगडीत घरी कुणी पडूच नये.

आणि दुसऱ्या टोकाला: पाळीच्या पहिल्या दिवशीचं, ओळखीचं, ओटीपोटाच्या मध्यभागी येणारं, नेहमीच्या गोळीने तासाभरात उतरणारं दुखणं घरी सांभाळता येतं. पाळीच्या मधोमध एका बाजूला चमक येऊन काही तासांत विरली, तर ती बीज सुटतानाची असण्याची शक्यता मोठी. यांना रात्रीचं रुग्णालय नको. यातलं पहिलं, पाळीचं दुखणं दर महिन्याला कामाचा दिवस बुडवत असेल तर मात्र दिवसाउजेडी स्त्रीरोगतज्ज्ञ नक्की हवा, कारण एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, वर्षानुवर्षं 'पाळीचं दुखणं' या नावाखाली लपून राहतो.

बहिणीने आणखी तीन गोष्टी नकळत बरोबर केल्या. जुना रिपोर्ट आणला. निघण्याआधी फोन करून विचारलं की रात्री सोनोग्राफी आणि ऑपरेशन होतं का, म्हणून जवळचा छोटा दवाखाना सोडून थेट इथे आल्या. आणि 'थोडं दूध घे, बरं वाटेल' हा नवऱ्याचा आग्रह मोडून काढला. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

इतके तास झाले म्हणजे अंडाशय गेलं, असं काही ठरलेलं गणित नाही. अकरा तासांनी येऊनही तिचं वाचलं. याहून लवकर येऊनही कुणाचं वाचलेलं नसतं. पीळ किती घट्ट, त्यावर ते ठरतं, आणि ते घरी बसून कळायचा मार्ग नाही. तीन महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत तिचं उजवं अंडाशय नेहमीच्या आकाराचं होतं, त्यात बीजपुटकं, म्हणजे बीजं वाढतात त्या बारीक पिशव्या, दिसत होती.

पाच महिन्यांनी ती पुन्हा आली. रात्री अकरा वाजता, या वेळी डाव्या बाजूला दुखतंय म्हणून, दुखणं सुरू झाल्यापासून चाळीस मिनिटांत. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, दोन तास निरीक्षण. अंडाशय नीट होतं, नुकतंच बीज सुटल्याच्या खुणा होत्या, दुखणंही ओसरत गेलं. निघताना ओशाळून म्हणाली, "उगाच तुमची धावपळ केली, मॅडम."

मी तिच्या कागदावर लिहिलं: 'पीळ नाही. पुन्हा असं दुखलं तर पुन्हा यावं, वेळ कोणतीही असो.' आणि खाली सही केली.